न बजावलेली तार

मी येणार नाही अशी तार करून मी तिच्या लग्नाला गेले. माझा सगळा मूर्खपणा या एका वाक्यात येतो आणि तो मी कधी लपवलेला नाही. आमच्या घरात कुणी अतिशहाणपणा केला की मुलं अजून ‘आईची तार’ म्हणतात आणि हसतात. हसू देत. त्या तारेमागे काय होतं ते त्यांना पुरतं ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

ही माझी मैत्रीण हैदराबादची. जामबागेतल्या मराठी शाळेत आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो. तिचं घर शाळेमागच्या गल्लीत, आमचं काचीगुड्याला. माझे वडील शाळेत मास्तर होते. तिचे वडील निजामाच्या कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद वाचून दाखवणारे. त्यांना मी काका म्हणत असे. तिची आई अबोल होती. घर चालवायची ती तिची आत्या, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारी. त्या जुडग्याला घरातले सगळेच भीत, काकासुद्धा.

रझाकारांच्या उन्हाळ्यात एका पहाटे वडिलांनी आम्हाला उठवलं. म्हणाले, गाडीला जायचंय, दोन ट्रंका घ्यायच्या, कुणी विचारलं तर शिर्डीला चाललोय म्हणायचं. कुणाला निरोप द्यायचा नाही.

“तिलाही नाही?” मी विचारलं.

“तिलाही नाही. तिचे वडील सरकारी नोकर आहेत. आपण पळतोय हे त्यांना माहीत असलं तर त्यांनाच जड जाईल.”

हे खरंच होतं. पण सतरा वर्षांच्या मुलीला खऱ्या गोष्टी ऐकाव्या लागतात, पटतातच असं नाही. मनमाडच्या गाडीत बसलो, नाशिकला आलो आणि तिथलेच झालो. पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, माझं लग्न नाशिकमध्येच झालं. या दोन वर्षांत मी तिला सात पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. पत्रं पोहोचत होती हे मला माहीत होतं, कारण टपालखात्याने एकही परत आणलं नव्हतं. ती माझ्यावर रागावली होती. तिचा राग मला चांगला माहीत होता. एकदा तिने शाळेत माझ्याशी अबोला धरला तो पावसाळा संपेपर्यंत सोडला नव्हता, आणि तेव्हा कारण फक्त एका पेन्सिलीचं होतं.

मग तिच्या लग्नाची पत्रिका आली. ती माझ्या वडिलांच्या नावावर, छापील, कोपऱ्याला कुंकू लावलेली. मी उलटसुलट करून पाहिली, कुठे तिच्या हातचं अक्षर नव्हतं. आम्ही दोघींनी लहानपणी ठरवलं होतं की एकीच्या लग्नात दुसरीने मागे उभं राहायचं. माझ्या लग्नात माझ्या मागे एक चुलत नणंद उभी होती, तिचं लक्ष सगळा वेळ स्वतःच्या वेणीकडे होतं.

मी जायचं ठरवलं. आता जिने स्वतः बोलावलं नाही तिच्याकडे जायचं तर कसं जायचं, यावर मी चार दिवस विचार केला आणि एक युक्ती काढली. मी येणार हे तिला कळलं तर ती राग नीट इस्त्री करून ठेवील. तेव्हा आपण येत नाही असं कळवायचं, तिला बेसावध करायचं, आणि अचानक समोर उभं राहायचं. बेसावध माणसाच्या तोंडावर खरं काय आहे ते दिसतं. तिला मी नको असेन तर तेही दिसेल, आणि मी मुकाट्याने अक्षता टाकून परत येईन. आमचे हे विम्याच्या कचेरीत कारकून. त्यांनी युक्ती ऐकली आणि तारेचा मजकूर कमीत कमी शब्दांत बसवून दिला. इंग्रजीत होता. येणं जमत नाही, आशीर्वाद, आणि खाली माझं नाव, एवढंच.

मनमाडहून आम्ही दोघांनी काचीगुड्याची गाडी धरली. वाटेत परभणीच्या अलीकडे खिडकीतून इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यात गेला. उजवा डोळा लाल झाला आणि त्याला जी धार लागली ती थांबेना. अंगावर प्रवासाची म्हणून पांढरी खादी नेसले होते, कारण स्वराज्य मिळाल्यापासून आमच्या सासऱ्यांनी घरात दुसरं काही येऊच दिलं नव्हतं. चांगली जरीची साडी ट्रंकेत होती, ती तिच्या घरी पोहोचल्यावर नेसायची होती. काचीगुड्याला उतरलो तेव्हा माझे केस सुटलेले, डोळा गळतोय, साडीवर कोळशाचे डाग. आमच्या ह्यांनी मला टांग्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि आंघोळ करून मुहूर्ताला येतो म्हणून ते ओळखीच्या एका घरी गेले.

सकाळचे आठ वाजले असतील. दारावर आंब्याचं तोरण, आत सनई, अंगणात मांडव. मी मागच्या दाराने गेले, कारण पुढून गेले तर चकित कोण होणार. मागच्या दारात आत्या उभी होती. तिने मला पाहिलं. आधी माझ्या डोळ्याकडे पाहिलं, मग साडीकडे, मग सुटलेल्या केसांकडे.

“आत्या,” मी म्हटलं, “नाशिकहून...”

तिने माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला हळदीचा वास होता. “एक शब्द नक्को,” ती हळू आवाजात म्हणाली. “एक शब्द बोललीस तर माझ्याहून वाईट कुणी नाही.” मला ओढत तिने माजघरामागच्या कोठीत नेलं, आत ढकललं आणि बाहेरून कुलूप घातलं. ट्रंक बाहेरच राहिली.

कोठीत लाडवांच्या तीन पराती होत्या, तुपाचे डबे होते आणि मी होते. मला वाटलं ते सरळ होतं. मैत्रिणीने घरात सांगून ठेवलं होतं, ती आली तर तिला माझ्यासमोर आणू नका. इतका राग असेल असं मला वाटलं नव्हतं. मी एका डब्यावर बसले. आता दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दुसऱ्या डोळ्यात कोळसा नव्हता.

थोड्या वेळाने दाराच्या फटीशी काकांचा आवाज आला. ते कोर्टात बोलत तसेच घरातही बोलत.

“पोरी, बसलीस? बस. पाणी पाठवतो. पण तुला जे काही अर्ज करायचं असेल ते आज नाही. आम्ही ऐकणार नाही. ऐकलं की तामील झाली, म्हणजे समन्स बजावलं. तामील झाली की हुकूम लागू.”

“काका, पण माझं...”

“बिलकुल नाही.” त्यांनी कानावर हात ठेवले असावेत, कारण पुढचं ते ओरडून बोलले. “मान पण हलवायची नाही. मानेने पण तामील होते.”

“तुम्हाला मी दिसत नाहीये, काका.”

“तेच बरं आहे,” ते म्हणाले आणि गेले.

नंतर आत्या दोनदा आली. आली की एक परात उचलायची, मी तोंड उघडलं की परातीतला एक लाडू माझ्या तोंडात कोंबायची आणि कुलूप लावून जायची. तिसऱ्या वेळी ती मोठ्याने रामरक्षा म्हणतच आत शिरली. असे माझे तीन लाडू झाले. मनातून मी मोडून गेले होते, तरी सांगते, लाडू उत्तम होते.

कोठीला गल्लीकडे एक गजांची खिडकी होती. समोर चाचांचं घर. हे चाचा म्हणजे काकांचे लहानपणापासूनचे दोस्त, निजामाच्या खजिन्यातून निवृत्त झालेले, फार्सीचे पंडित. पोलीस ॲक्शननंतर ते घराबाहेर फारसे पडत नसत असं ऐकलं होतं. ते खिडकीशी आले. त्यांनी मला ओळखलं.

“बेटी, तू? अच्छा हुआ. ये तार कल से मेरे पास पड़ा है. कोई लेताच नई.”

गजांतून त्यांनी एक लिफाफा आत दिला. त्यांच्याकडून मला सगळी हकीकत कळली. ती त्यांनी मला फार गंभीरपणे सांगितली, आणि इतकी नीट, की मला हसायलाही जागा राहिली नाही.

आदल्या दिवशी दुपारी तारवाला आला आणि म्हणाला, नाशिकची तार आहे. नाशिक म्हटल्यावर घरात सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले. काकांचे एक चुलते, नव्वदीच्या पुढचे, गोदेकाठी मरण यावं म्हणून अकरा वर्षांपूर्वी नाशिकला जाऊन राहिले होते आणि तेवढी वर्षं मरायला तयार होऊन बसले होते. तेव्हा तार म्हणजे तेच. आता ते गेले तर भाऊबंदांना दहा दिवसांचं सुतक आणि लग्न मोडणार. वऱ्हाड परभणीहून निघून गाडीत बसलं होतं. पण शास्त्र असं की सुतक ऐकल्यापासून लागतं आणि एकदा देवक बसलं, म्हणजे लग्नाआधीची देवतांची स्थापना झाली, की मग लागत नाही. देवक दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचं होतं. मधल्या वेळात कुणीही काहीही ऐकायचं नव्हतं.

काकांनी निकाल दिला की तार घ्यायचीच नाही. सही केली म्हणजे समन्स बजावलं. तारवाला म्हणाला, परत नेणार नाही. तेव्हा काकांनी समोरच्या घरी जाऊन दोस्ताला सांगितलं, तू घे, तुझ्या घरी सुतक लागत नाही. चाचांनी उर्दूत सही करून तार घेतली. गल्लीत त्या दोन वर्षांत पुष्कळ बोलणी तुटली होती. ज्या घरांतून एकमेकांकडे सणाची ताटं जायची ती घरं दारं लावून बसली होती. पण ही तार ठेवायला काकांना दुसरं घर सुचलं नाही. चाचांनी ती पानदानाखाली ठेवली आणि ते इंग्रजी न येणारे, त्यामुळे ती तशीच राहिली.

आणि दुसऱ्या सकाळी मी आले. नाशिकहून, न कळवता, पांढऱ्या साडीत, रडत. तारेने भागलं नाही म्हणून माणूस पाठवलंय असं सगळ्यांनी धरलं.

मी लिफाफा फोडला. आत माझंच नाव होतं.

“चाचा,” मी म्हटलं, “हे माझंच आहे. कुणी मेलं नाही. जाऊन सांगा ना त्यांना.”

चाचा गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओशाळलेला होता. “मैं बोला, सब खैरियत है, कोई नई मरा. तो तेरे काका कानां बंद कर लेके भाग गए. बोले, खैरियत का लफ्ज ऐसेइच मौके पे बोलते.”

आता मात्र मला हसू आलं. डब्यावर बसून मी एकटीच हसले. नको म्हणून मला कुणी कोंडलं नव्हतं, तर मृत्यूची खबर म्हणून कोंडलं होतं. केवढा आनंद झाला. देवक बसलं की कुणीतरी दार उघडील, आणि मग सगळ्यांना हसवीन असा मी बेत करू लागले.

तेवढ्यात माझं सातवं पत्र मला आठवलं आणि हसू गेलं.

सहा पत्रांना उत्तर न आल्यावर सातवं मी रागाने लिहिलं होतं. माझा स्वभाव जरा नाटकी आहे. त्यात मी लिहिलं होतं की यापुढे माझं पत्र येणार नाही, आता माझ्याबद्दल तुला काही कळलंच तर ते तारेनेच कळेल. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांना नाशिक म्हटल्यावर ते म्हातारे चुलते आठवत होते, पण तिला नाशिक म्हटल्यावर कोण आठवणार? आणि तीही तार उघडू शकत नव्हती. ती कालपासून त्या न उघडलेल्या तारेसकट हळद लावून घेत होती, बांगड्या भरत होती, लोक गंमत करत होते तेव्हा हसत होती.

मी दार ठोठावलं. हाका मारल्या. पण वऱ्हाड आलं होतं, बाजा वाजत होता, आणि लाडवांच्या सगळ्या पराती बाहेर गेल्यामुळे आत्याचं आता कोठीत काही काम उरलं नव्हतं. देवक बसलं होतं हेही मला नंतर कळलं. पण काका म्हणाले होते म्हणे, सप्तपदी होईपर्यंत थांबू, अपिलाची मुदत संपू दे.

कोठीला आतल्या बाजूने दुसरं एक दार होतं, ते शेजारच्या खोलीत उघडायचं, पलीकडून कडी लावलेलं. मी त्याला कान लावला तर पलीकडे बायकांची गडबड चालली होती. मग गडबड निघून गेली आणि एकटीच कुणीतरी राहिली. मला कळलं की तिथे गौरीहर मांडला आहे. मुहूर्ताआधी नवरी तिथे एकटी बसते, समोरच्या अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट तांदूळ टाकते आणि दारात येईल त्याला आयुष्य मागते. ते मागणं अर्थात नवऱ्यासाठी असतं. मामा येऊन मांडवात नेईपर्यंत तिने उठायचं नसतं.

ती पलीकडे बोलत होती. देवीशी नव्हती बोलत.

“दोनदा,” ती म्हणत होती. “दोन्ही वेळा न सांगता गेलीस.”

तिचा आवाज मी दोन वर्षांनी ऐकत होते. दाराच्या फळ्यांत बोटभर फट होती, तिच्यातून तिच्या पिवळ्या साडीची पाठ दिसत होती.

“सगळी पत्रं आहेत माझ्याकडे,” ती म्हणाली. “उत्तर लिहायला बसायचे, की राग यायचा. आता कालपासून राग येत नाहीये. जा तू. मी माफ केलं.”

“अगं,” मी फटीतून म्हटलं, “मी इथेच आहे.”

ती दचकली नाही, हे मला आजही नवल वाटतं. तिने मान वळवली नाही, तांदूळ टाकायचे थांबवले नाहीत. “असशीलच,” ती म्हणाली. “लग्नाला येईन म्हणाली होतीस.”

“आत्याने मला कोठीत कोंडलंय.”

“आत्या कुणालाही कोंडेल.”

“अगं, मी मेले नाहीये.”

“असं वाटतं सुरुवातीला,” ती मला समजावत म्हणाली. “आजी सांगायची. तेरा दिवस त्यांना कळतच नाही. तू घाबरू नकोस.”

मी जिवंत आहे हे स्वतःच्या मैत्रिणीला कसं पटवायचं, यावर शाळेत कुणी काही शिकवलेलं नव्हतं. मी फटीतून बोट घातलं. ती आसनावरून न उठता सरकत सरकत आली आणि तिने ते धरलं. ओलं होतं तिचं बोट, तांदूळ चिकटलेलं. आधी तिने नुसतं धरून ठेवलं. मग दाबून पाहिलं. मग इतक्या जोरात पिरगळलं की मी ओरडले.

फटीत तिचा डोळा दिसला.

“जिवंत आहेस?”

“हो.”

“मग तार?”

“मीच केली. येत नाही म्हणून.”

“आणि आलीस.”

“तुला चकित करायला.”

तिने बोट सोडलं. “मी माफ केलं ते मेलेलीला,” ती म्हणाली. “जिवंत असशील तर ते रद्द.”

मी तिला वडिलांनी केलेली मनाई सांगायला लागले, सरकारी नोकरी, शिर्डी, सगळं. तिने ते मध्येच तोडलं.

“ते मला माहीत आहे. पत्रात लिहिलंस तू, सातही पत्रांत तेच लिहिलंस. मी काय केलं ते तुला माहीत आहे का? तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्याकडे आले. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, शिर्डीला गेलेत. म्हटलं, दोन दिवसांत येतील. तुमच्या ओट्यावर कुलपासमोर संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी परत आले. असं दोन दिवसांचं करत करत महिना काढला मी. घरी सांगायचे, शिवण शिकायला जाते. मग एक दिवस तुमच्या दारातून दुसऱ्याच घरातली बाई बाहेर आली आणि मला म्हणाली, कोण पाहिजे?”

सात पत्रांत मी आमचे हाल लिहिले होते, वडिलांची नोकरी गेल्याचं, नाशिकच्या दोन खोल्यांचं, माझ्या मनाचं. ती ओट्यावर बसली असेल असं एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पळून जाणाऱ्या माणसाला वाटतं की सगळं आपल्यावरच आलंय.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

बाहेर पावलं वाजली, मामा आले, तिला घेऊन गेले. जाताना तिने नाक ओढल्याचा आवाज मला ऐकू आला, पण ते माझ्यासाठी होतं की लग्नासाठी, हे सांगता येत नव्हतं.

अशा रीतीने ज्या लग्नासाठी मी नाशिकहून आले ते मी कोठीतून ऐकलं. मंगलाष्टकं झाली तेव्हा अक्षता नव्हत्या म्हणून परातींतून खाली सांडलेली बुंदी घेतली आणि दर ‘सावधान’ला दारावर टाकली. आमचे हे मुहूर्ताला वेळेवर पोहोचले होते. दारात त्यांनी ‘मी नाशिकहून’ एवढं म्हटलं, तर चार माणसांनी त्यांना धरून समोर चाचांच्या दिवाणखान्यात नेऊन बसवलं. ते मुळातच बोलणारे नव्हते. तिथे त्यांनी सरबत घेतलं आणि झोपले.

सप्तपदी झाल्यावर कुलूप वाजलं. दार उघडलं तर समोर ती. हातात आत्याचा किल्ल्यांचा जुडगा, तोंडावर मुंडावळ्या, आणि तिच्या शेल्याला बांधलेल्या उपरण्याच्या टोकाशी नवरदेव. गाठ सोडायची नव्हती, तेव्हा ती जिथे जाईल तिथे त्याला जावं लागत होतं. बिचारा लाडवांच्या रिकाम्या कोठीत डोकावून पाहत होता.

“ही ती,” तिने त्याला सांगितलं.

“नमस्कार,” तो म्हणाला. त्याने पुढे काही विचारलं नाही. तो पुढेही फार शहाणा निघाला.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या गालाला बुंदी लागली होती ती तिने पदराने पुसली, आणि पुसताना जरा जास्तच घासलं. मग म्हणाली, “साडी बदल आणि माझ्या मागे ये.” मी जरीची साडी नेसले आणि सगळा दिवस तिच्या मागे उभी राहिले. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

जेवणाच्या आधी काकांनी सगळ्यांसमोर तार बजावून घेतली. चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत तारेकडे पाहिलं.

“यात तर तू आली नाहीस असं आहे.”

“हो, काका.”

“मग रेकॉर्डप्रमाणे तू गैरहाजर,” ते म्हणाले, आणि विचार करून पुढे म्हणाले, “जेवायला हरकत नाही.” चुलते जिवंत आहेत हे कळल्यावर त्यांना आनंद झाला की अवघडल्यासारखं झालं, ते मला सांगता येणार नाही. ते म्हातारे पुढे आणखी चार वर्षं गोदेकाठी बसले होते.

संध्याकाळी परभणीची गाडी होती. सगळे तिला पोहोचवायला काचीगुडा स्टेशनवर गेलो. फलाटावर ती एकेकाच्या पाया पडत होती आणि ‘येते’ म्हणत होती, आईला, काकांना, आत्याला, आणि काकांच्या मागे जरा दूर उभ्या असलेल्या चाचांनाही. मी सगळ्यांच्या शेवटी उभी होते. माझ्यापाशी येईल की नाही याची मला खात्री नव्हती.

ती आली. माझे दोन्ही खांदे तिने धरले.

“मी जाते,” ती म्हणाली.

“अगं, जाते काय म्हणतेस,” आत्या मागून म्हणाली. “येते म्हणावं. जाते म्हणू नये.”

तिने आत्याकडे लक्ष दिलं नाही. “मी परभणीला जाते आहे,” ती मला एकेक शब्द सुटा करून म्हणाली. “गाडी सव्वासहाची आहे. कधी परत येईन माहीत नाही. बघ, असं सांगून जातात.”

मी मान हलवली. ती वाट पाहत उभी राहिली. नवरदेव डब्यात चढला होता आणि गाठ ताणली गेली होती, तरी ती उभी राहिली.

“ऐकलंस ना?” तिने विचारलं.

“ऐकलं,” मी म्हटलं. मग ती गाडीत चढली.